चोरटी हवा

जुन्या अँबॅसेडरचे इंजिन उतरवून पुन्हा बांधले, की मालकाचा पैसा आणि मिस्त्रीची मेहनत अशा जागी मुरते जिथे नजर पोहोचत नाही. बोअर झालेला असतो, पिस्टन-रिंगा नव्या असतात, क्रँक ग्राइंड होऊन बेअरिंगा बदललेल्या असतात, हेड फेसिंगला जाऊन आलेले असते. पहिल्याच सेल्फला इंजिन धरते. मग स्लोवर सोडले की डुलायला लागते. आवाज चढतो, उतरतो, मध्येच एखादा ठोका गळतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद पडते. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र तेच इंजिन सुरळीत चालते. नागपूरच्या गॅरेजात यावरचे निदान एका वाक्यात ऐकू येते: “गाडी हवा घेऊन राहिली.”

एअर क्लीनरमधून गाळून, कार्बोरेटरच्या घशातून पेट्रोलशी मापात मिसळत जाणारी हवा इंजिनाच्या हक्काची. ही हवा मात्र कार्बोरेटरला वळसा घालून शिरते. मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी, चिरलेल्या रबरी नळीतून, झिजलेल्या थ्रॉटल शाफ्टच्या कडेने ती आत येते आणि तिच्या वाट्याचे पेट्रोल तिच्यासोबत नसते. इंजिन जितके निगुतीने बांधलेले, तितका या दोषाचा मनस्ताप मोठा, कारण संशय भलतीकडेच जातो. कार्बोरेटर उघडला जातो, जेट बदलले जातात, पॉइंट-कंडेन्सर नवे पडतात, टायमिंग पुढेमागे होते. फट जिथल्या तिथेच राहते.

व्हॅक्यूम राखायचा आणि गळती शोधायची, हे काम नागपूरला मोटारी रस्त्यांवर रुळण्याच्या आधीपासून माहीत होते. ते रुळांवरून आले.

जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८८७ मध्ये बेंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि शहराचे नाव थेट कंपनीच्या पाटीवर चढले. याच कंपनीने पुढे सातपुड्याच्या डोंगरांत अडीच फुटी नॅरोगेजचे जाळे विणले. नागपूर–छिंदवाडा मार्ग त्यातलाच. मोतीबागेत या छोट्या गाड्यांची दुरुस्ती व्हायची आणि २००२ पासून तिथेच नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. विसाव्या शतकाचा मोठा भाग या देशातल्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर थांबत होत्या. वाफेच्या इंजिनावरचा इजेक्टर वाफेच्या झोताने गाडीभर पसरलेल्या पाइपातली हवा खेचून काढी. पाइपात निर्वात असेल तोवर ब्रेक सुटलेले राहत आणि हवा शिरली की लागत. डबा तुटून वेगळा झाला तर पाइप उघडा पडून गाडी आपोआप थांबे, हे या योजनेचे सगळ्यात मोठे शहाणपण. शेवटच्या डब्याची नळी डमीवर नीट बसवली नाही, दोन डब्यांमधल्या रबरी नळीचे वॉशर कडक झाले, की व्हॅक्यूम चढत नसे आणि गाडी फलाटावर अडकून पडे.

इंजिनावरच्या व्हॅक्यूम गेजच्या डायलवरचा पुरा आकडा होता सुमारे २१ इंच, म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची उंची. गार्डाच्या डब्यातही तशीच एक सुई असे. गळती अजिबात नसलेली गाडी कुणी धरूनच चालत नसे. म्हणून मोठ्या इजेक्टरशेजारी एक छोटा इजेक्टर असे आणि प्रवासभर चालू राहून सांध्यासांध्यांतून शिरणारी हवा तो बाहेर काढत राही. रेल्वेने गळती हिशेबात धरली होती. मोटारीच्या इंजिनात अशी सोय नाही. तिथे शिरलेला हवेचा प्रत्येक घोट थेट सिलिंडरात जातो.

गंमत अशी की धडधाकट पेट्रोल इंजिन स्लोवर चालत असताना मॅनिफोल्डमध्ये जो व्हॅक्यूम तयार होतो, तोही समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच असतो. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे दोहोंमध्ये पोकळी तयार होते. उंचीवर हवा विरळ, म्हणून दर १,००० फुटांमागे सुई सुमारे एक इंच उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरांवर, म्हणजे जवळपास १,००० फुटांवर. मुंबईच्या गॅरेजात ज्या इंजिनाची सुई १९ वर स्थिर राहील, ती नागपुरात १८ वर राहिली तर इंजिन निरोगीच समजावे. तेच इंजिन चिखलदऱ्याला, ३,६०० फुटांच्या वर नेले तर आणखी अडीच-पावणेतीन इंच कमी. परदेशी मॅन्युअलातला आकडा जसाच्या तसा धरून बसणाऱ्याला विदर्भातली निम्मी इंजिने आजारी वाटतील.

मोटारी आल्या तेव्हा मॅनिफोल्डच्या या ओढीवर माणसांनी बरीच कामे लादली होती. १९२० च्या दशकातल्या शेव्हर्लेसारख्या अमेरिकन गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. मधला पंप नव्हता. बॉनेटखाली एक छोटी व्हॅक्यूम टाकी असे, ती मॅनिफोल्डच्या ओढीने मागचे पेट्रोल वर खेचे आणि तिथून ते उताराने कार्बोरेटरात जाई. या टाकीच्या नळीचा सांधा हवा घेऊ लागला तर दुहेरी नुकसान: मिश्रण पातळ होई आणि पेट्रोलही पुरे पडेना. लांब चढावर थ्रॉटल उघडा ठेवावा लागे, तेव्हा ओढ आपोआप कमी होई आणि गाडी चढाच्या मध्यावर उपाशी पडे. पुढे यांत्रिक पंप आले, पण व्हॅक्यूमची नोकरी सुटली नाही. वायपर त्याच्यावर, डिस्ट्रिब्युटरमधला ॲडव्हान्स त्याच्यावर, नंतर ब्रेकचा बूस्टरही त्याच्यावर. प्रत्येक नव्या कामामागे एक नळी, आणि प्रत्येक नळीमागे गळतीची दोन टोके.

त्या काळच्या गाड्या मुंबईहून येत. फोर्डने १९२६ मध्ये भारतात बस्तान बसवले आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. सिव्हिल लाइन्समधले अधिकारी, सीताबर्डी-इतवारीतले व्यापारी, भोवतालच्या संस्थानांचे राजे, जमीनदार, वकील, डॉक्टर यांच्या दारी गाड्या होत्या. पण सुट्या भागांची पेढी मुंबईत, ८०० किलोमीटरांहून दूर. गाडी इथे बिघडली तर पार्सल येईपर्यंत थांबायचे, नाहीतर हाताने काहीतरी करायचे. इथल्या कारागिरीची घडण मला वाटते याच अंतरात झाली.

रस्त्यांच्या इतिहासातही नागपूरचे नाव पक्के आहे. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते इथे जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते-योजना आखली. ‘नागपूर प्लॅन’ म्हणून ती अभियांत्रिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्राम रस्ते ही आजची उतरंड त्या बैठकीतून आली. मुंबई–कोलकाता आणि उत्तर–दक्षिण असे दोन्ही मोठे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावात सर्व प्रांतांच्या गाड्या बिघडून थांबणार हे ओघानेच आले. तामिळनाडूच्या ट्रकपासून जबलपूरच्या जीपपर्यंत सगळे इथल्या मिस्त्रीच्या पुढ्यात येत राहिले.

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराच्या जीपा विक्रीला निघाल्या. नागपूरजवळ कामठीची छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे लष्करी गाडी इथे नवलाची नव्हती. विलीजच्या या जीपचे २.२ लिटरचे चार सिलिंडरी इंजिन साठ अश्वशक्तीचे, साइड व्हॉल्व्हचे. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड ब्लॉकच्या एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने जखडलेले. एक्झॉस्ट लालबुंद तापणार, इनटेक त्यामानाने थंड राहणार. दोघांचे प्रसरण वेगळे, आणि मध्ये बिचारे एक पॅकिंग. महिंद्राने त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. तिच्यानंतरच्या ‘एफ-हेड’ इंजिनात इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली होती आणि कार्बोरेटर हेडच्या माथ्यावर बसे. मॅनिफोल्डचा लांबलचक सांधा एका झटक्यात गेला, हवा घेण्याची एक मोठी जागा बुजली. जुन्या मिस्त्रींना ते इंजिन आवडे, यात आश्चर्य नाही.

या नंतरच्या जीपांचे वायपर मात्र व्हॅक्यूमवरचे होते. जबलपूरच्या वाटेवर कुरईचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथे चढाला ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मंदावत, नेमके हवे तेव्हाच. म्हणून पेट्रोल पंपाच्या पोटातच एक जादा पडदा देऊन वायपरला वेगळी ओढ पुरवण्याची युक्ती निघाली. तो पडदा फाटला की वायपर तर जातच, वर इंजिनही हवा घेऊ लागे. काचेवरचा वायपर बंद पडला आणि स्लोही बिघडला, अशी जोड-तक्रार आली की जाणता माणूस कार्बोरेटरकडे न पाहता थेट पंपाला हात घाली.

हवेच्या मापाचे आणखी एक घराणे नागपुरात रात्री उतरायचे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाच्या थैल्या अदलाबदल करत आणि पहाटेआधी परत फिरत. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनाला चौदा सिलिंडर, चक्राकार मांडलेले, प्रत्येकाला स्वतंत्र इनटेक पाइप. वैमानिकासमोर मॅनिफोल्ड प्रेशरचा डायल असे, तोही इंच पाऱ्यात. अशा इंजिनात पाइपाचा सांधा सैल झाला की रंग मिसळलेल्या विमानी पेट्रोलचा डाग सांध्याभोवती उमटतो आणि गळतीची जागा डोळ्यांना दिसते. मोटारीच्या मिस्त्रीला असा आयता डाग क्वचितच मिळतो.

स्वातंत्र्यानंतर सरकारने निव्वळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना दार बंद केले. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये मिटला, फोर्डनेही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. राहिले ते देशी उत्पादक: वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, जिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी निघाली, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, जिने १९५७ च्या सुमारास अँबॅसेडर आणली, आणि मद्रासची स्टँडर्ड. तीन-चार गाड्यांचा देश झाला. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, म्हणून हातातली गाडी टिकवणे भाग होते. बुइक, शेव्हर्ले, ऑस्टिन, मॉरिस पुन:पुन्हा बांधल्या गेल्या. इंजिन दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उतरवले जाई आणि दर वेळी पॅकिंग नवे लागे.

पॅकिंगचा सेट मिळाला नाही की मिस्त्री शीट आणून स्वतः कापे. मॅनिफोल्डच्या तोंडावर शीट ठेवायची आणि बॉल पेन हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलके ठोकत जायचे. लोखंडाची धारच शीट कापते, भोके पडतात, आकार उठतो. हे काम डोळ्यांपेक्षा मनगटाचे. ठोका जरा जोरात बसला की फ्लँजच्या काठाला बारीक टवका उडतो, आणि तोच टवका पुढे गळतीचे दार होतो. छिद्र मोठे कापले गेले तर कडेला दाबायला जागा उरत नाही, लहान राहिले तर पॅकिंगची कड हवेच्या वाटेत डोकावते. वरून शेलॅक लावून सांधा बसवायचा. कार्बोरेटरखाली जाड कागदाचे पॅकिंगही चाले. या हिकमतींनी हजारो गाड्या धावत्या राहिल्या, त्याबद्दल त्या हातांचे ऋण मानायला हवे. मात्र इंजिन बांधून झाल्यावर हवा घेण्याची निम्मी कारणेही याच हातांखाली जन्मली, हे त्याच हातांनी मान्य केले आणि म्हणून शोधाची रीतही त्यांनीच घडवली.

अँबॅसेडर हा या विद्येचा उत्तम धडा आहे. १९५९ पासून तिच्यात १,४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आले, इंग्लंडच्या बीएमसीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातले. सिलिंडर चार, पण हेडमध्ये इनटेकची तोंडे दोनच. पहिला-दुसरा एका तोंडावर, तिसरा-चौथा दुसऱ्या तोंडावर. त्यामुळे मॅनिफोल्डच्या एका टोकाला फट पडली तर शेजारचे दोन सिलिंडर मिळून उपाशी राहतात.

चार प्लग काढून बॉनेटवर ओळीने मांडले की कथा सांगून जातात. पहिला-दुसरा पांढुरका, कोरडा, खडूसारखा. तिसरा-चौथा काजळीने काळा. याचा उलगडा असा: दोन सिलिंडर हवा घेत होते, स्लो नीट बसेना म्हणून कुणीतरी कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू उघडत नेला, त्याने हवा घेणाऱ्या जोडीचे पोट पुरते भरले नाहीच, आणि धडधाकट जोडीला मात्र अजीर्ण झाले. नव्या रिंगांच्या इंजिनात हे फार वाईट. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते, रिंगा बसायच्या त्या काळात बसत नाहीत आणि हजारो रुपयांचे काम पहिल्या पाचशे किलोमीटरांत वाया जाऊ शकते. पातळ मिश्रणावर चालणाऱ्या दोघांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचा धोका वेगळाच.

एवढीशी फट एवढा गोंधळ का घालते, हे ढोबळ हिशेबाने पाहता येते. दीड लिटरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर स्लो चालताना मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा घेते. मॅनिफोल्डमध्ये तीन मिलिमीटरचे एक भोक असेल तर व्हॅक्यूमच्या त्या ओढीने त्यातून मिनिटाला ६० लिटरच्या आसपास हवा शिरते. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा फुकटची हवा. तेच इंजिन पूर्ण थ्रॉटलवर ४,००० फेऱ्यांनी धावताना मिनिटाला दोन-अडीच हजार लिटर ओढते आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही नाममात्र उरतो. भोक तेच, पण आता त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच मालक सांगतो की गाडी वर्धा रोडला झकास पळते, सिग्नलला थांबली की मरते. ही तक्रार ऐकताच अनुभवी मिस्त्रीचे निम्मे निदान झालेले असते.

उरलेले निम्मे शोधाचे. आधी मॅनिफोल्डला गेज जोडायचा. सुई खाली आणि एकाच जागी स्थिर असेल तर फटीचा संशय बळावतो. पण घाई इथेच नडते. व्हॉल्व्ह टायमिंग उशिरा असले तरी सुई खाली आणि स्थिरच राहते. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात टायमिंग चेन एक दात चुकून बसली असणे काही अशक्य नाही. रिंगा अजून बसल्या नसतील तरी सुई जरा खालीच. साधारण पडताळा असा, की सुई आठ ते चौदाच्या घरात रेंगाळली तर आधी टायमिंग पाहावे, पाचाच्याही खाली आपटली तर मॅनिफोल्डकडे वळावे. सुई ठरावीक लयीने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह धरत नाही. ताल नीट ओळखणारा माणूस हेड पुन्हा उघडण्याचा खर्च वाचवतो.

मग एकेक नळी चिमटीत धरायची. ब्रेक बूस्टरची नळी दाबताच इंजिन सावरले तर दोष बूस्टरमध्ये किंवा त्या नळीत. डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची नळी काढून तोंडाने हवा ओढायची आणि टोक जिभेने बंद करायचे. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत, परत आली तर फाटलेला. सगळ्या नळ्या निर्दोष ठरल्या की सांध्यांकडे यायचे. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे टोक सांध्यावरून हळूहळू फिरवायचे; फटीपाशी बारीक फुसफुस ऐकू येते. पंखा आणि टॅपेटच्या गलबल्यात ती ओळखणे सरावाचे काम.

यापुढची पायरी सगळ्यांना ठाऊक आणि सगळ्यांत धोक्याची. संशयाच्या सांध्यावर काहीतरी शिंपडायचे आणि इंजिनाचा आवाज बदलतो का ते ऐकायचे. पूर्वी बेधडक पेट्रोल मारले जाई. अँबॅसेडरमध्ये इनटेकच्या अगदी खालीच तापलेला एक्झॉस्ट आहे, त्यामुळे हा प्रकार म्हणजे उघड्या चुलीवर पेट्रोल ओतणे. कार्ब क्लीनरचा स्प्रेही तितकाच ज्वालाग्राही, हे डब्यावर लिहिलेले असूनही वाचले जात नाही. साबणाचे पाणी किंवा थेंबथेंब तेल हा खरा शहाणा मार्ग. तेल फटीत ओढले गेले की क्षणभर ती बुजते, सुई वर उडी मारते, स्लो सुधारतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघतो. एका वेळी एकच सांधा, आणि थोडा वेळ थांबून पुढचा. सगळीकडे एकदम शिंपडले तर काहीही कळत नाही.

फट सापडली म्हणजे कारण सापडले असे नाही. या घराण्यातल्या अनेक इंजिनांत एकाच नटाखालचा जाड वॉशर इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही फ्लँजांचे काठ दाबतो. एक फ्लँज घासून सपाट केली आणि दुसरी तशीच ठेवली, किंवा एक मॅनिफोल्ड दुसऱ्या गाडीतला बसवला, तर दोन काठांच्या जाडीत फरक पडतो. नट पूर्ण आवळलेला, वॉशर मात्र एका बाजूवरच टेकलेला. पातळ बाजू सुटीच राहते. जोर लावून आणखी आवळल्याने स्टड तुटतो, फट बुजत नाही. वॉशर काढून उजेडात धरला की त्याच्या एकाच अर्ध्यावर दाबाची चकाकी दिसते.

सोलेक्स कार्बोरेटरच्या तळाची कथाही अशीच. दोन स्टडांवर बसणारी मऊ धातूची फ्लँज वर्षानुवर्षे अति आवळून दोन्ही टोकांना वाकते आणि मध्ये उंच राहते. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून तिला सरळ घासून काढणे हे तासाभराचे काम आहे आणि ते केल्यावर जाड पॅकिंगचे थर चढवण्याची गरज उरत नाही. थ्रॉटल शाफ्टच्या भोकांना लेथवर पितळी बुश करून बसवणे हे त्याहून नाजूक. इंजिन बांधताना कार्बोरेटर नुसता पेट्रोलने धुऊन परत लावला जातो, आणि साठ वर्षे झिजलेला शाफ्ट नव्या इंजिनाच्या डोक्यावर जाऊन बसतो. बांधणीच्या खर्चात कार्बोरेटरची ही दुरुस्ती धरलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नागपूरचे ऊन या निदानात आपला वेगळा घोळ घालते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळते, पंपात वाफ अडते आणि स्लो बिघडतो. लक्षणे हुबेहूब हवा घेतल्यासारखी. पंपावर ओले फडके गुंडाळून गाडी पुढे काढण्याची जुनी रीत याच त्रासावरची. म्हणून व्हॅक्यूमची परीक्षा उन्हाळ्यात सकाळी करावी लागते. त्याच उन्हाने रबरी नळ्या बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही आतून तडकतात.

अलीकडे त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर बेतलेल्या जेटमधून ते मिश्रण गेले की इंजिनाला ते पातळच लागते. सांधे शाबूत असूनही प्लग पांढरट दिसतात. जुन्या रबरालाही हे इंधन मानवत नाही. आता मिस्त्रीला फट आणि इंधन यांतला फरक ओळखावा लागतो. गेजची सुई इथे खरी साक्ष देते: फट असेल तर ती खाली येते, इंधनाने मिश्रण थोडे पातळ झाले तर तिच्यावर फारसा फरक दिसत नाही.

ही विद्या मध्यंतरी बरीच मागे पडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपा, अँबॅसेडर धडाधड डिझेलवर गेल्या. डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची पाकळी नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लावावा लागतो. एका पिढीच्या मिस्त्रीने व्हॅक्यूमची गळती पाहिलीच नाही, असेही झाले. नंतर इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि फट शोधण्याची पहिली खूण संगणकाच्या पडद्यावर उमटू लागली. कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती जिप्सीने मात्र ही परंपरा बरीच वर्षे जिवंत ठेवली. पेंच आणि ताडोब्याच्या जंगल-वाटांवर धुळीत, धक्क्यांत राबणाऱ्या या गाड्यांच्या बॉनेटखाली रबरी नळ्यांचे असे जाळे असते, की इंजिन बांधल्यावर एक नळी चुकीच्या तोंडाला लागली तरी दिवस जातो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम काढले. तेव्हा, आणि आजही, रस्ते वाहतूक खाते सांभाळणारे नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या खास नंबराला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी बसत नाही. म्हणजे मेटाडोरचे डिझेल इंजिन टाकलेली अँबॅसेडर बाद, आणि जुने १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन पुन्हा बांधणे आले. जी कारागिरी डिझेलने मागे ढकलली, तिला या नियमाने पुन्हा गिऱ्हाईक दिले.

आता स्मोक मशिनही आले आहे. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डमध्ये अगदी हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि धूर कुठून बाहेर पडतो ते पाहायचे. आगीचा धोका जवळपास नाही आणि जागा बोटाने दाखवता येते. पण थंड इंजिनात न दिसणारी फट तापल्यावर उघडते, तिथे मशिन हात टेकते. मॅनिफोल्ड तापून वाकल्यावरच पडणारी भेग चालत्या इंजिनावरच पकडावी लागते, गेज लावून, नळीचे टोक कानाला धरून. नवे पॅकिंगही पहिल्या दोन-चार तापण्या-थंडावण्यांत दबते, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट मधल्यापासून कडेकडे असे पुन्हा आवळून घेतले जातात. त्यानंतर गेजवरचा आकडा मिस्त्रीच्या वहीत गाडीच्या नंबरासमोर लिहून ठेवतात, आणि मिक्श्चरच्या स्क्रूला त्यानंतरच हात लागतो.